जिताड्यावरून आलेले तीन पासवर्ड

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू, जेवताना टाइमपास म्हणून वाचतो. घाटातलं वळण, मागून येणारी पावलं, रिकाम्या फ्लॅटमधला नळ... बायकोला वाचून दाखवायचं आणि दोघांनी हसायचं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं सगळेच लिहितात. मी एवढंच म्हणेन की माझ्या धंद्यात तो परवडत नाही. कॉम्प्युटर बिघडला की लोक सांगतात, "काही केलं नाही हो, आपोआप झालं." सतरा वर्षांत आपोआप झालेली एकही गोष्ट मी पाहिलेली नाही. कोणाच्या तरी पायाने केबल निघालेली असते, कोणीतरी कॅप्स लॉक दाबून ठेवलेलं असतं.

आणि आधीच सांगून ठेवतो, हा अनुभव भीतीचा नाही. मी एका बाईवर किती जळत होतो, त्याचा आहे. बाकीचं त्यातून निघालं.

आमचं ऑफिस सानपाड्याला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, एका कमर्शियल बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर. लोखंडी शेड आणि छोट्या पुलांची ड्रॉइंग आम्ही करतो. माल आणि गोडाऊन कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये. ऑफिसात बेचाळीस कॉम्प्युटर आहेत, पण ड्रॉइंग त्यांतल्या एकावरही नसतात. आत एसीच्या खोलीत फ्रिजएवढं एक कपाट आहे, त्याला आम्ही स्टोरेज म्हणतो, सगळा माल त्यात. सकाळी येऊन नाव-पासवर्ड टाकलं की स्टोरेज तुमची फोल्डर तुम्हाला उघडून देतं. लॉगिन झालं नाही तर माणूस बेकार, समोरचा कॉम्प्युटरही बेकार. हे लॉगिन चालू ठेवणं म्हणजे आमचं डिपार्टमेंट, आणि डिपार्टमेंट म्हणजे तीन माणसं. म्हात्रे सर, मी आणि स्नेहल.

म्हात्रे सर जुईनगरच्या शेजारच्या गावातले, आगरी. त्यांच्या वडिलांची शेती होती तिथे आता सोसायट्या आहेत. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक नाव द्यावं लागतं. दुसरीकडे पीसी-एक, पीसी-दोन असं असतं. सरांनी सगळ्यांना खाडीतल्या माशांची नावं दिली होती. अकाउंट्सचे बोंबील आणि मांदेली, ऑफिसचे मुख्य देसाई साहेब, त्यांचं पापलेट, माझं निवटी. "चिखलात बसून सगलीकरं डोले," असं वर हसून सांगायचे. स्वतःच्या मशीनचं नाव जिताडा. खाडीतला राजा मासा तो, मग दुसऱ्या कोणाला कशाला देतील?

आता सरांची एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की आमच्याकडे अकाउंट लॉक होतं आणि ते फक्त इन-चार्ज उघडू शकतो. बाकी कंपन्यांत लोक फोन करतात, पलीकडचा बटण दाबतो, विषय संपला. सरांकडे फोन चालायचा नाही. लॉक झालेल्या माणसाने उठून त्यांच्या टेबलापाशी यायचं आणि बाजूच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं. सर आपला चहा अर्धा करून देणार आणि विचारणार, "घरा समदा बरा हाय ना?" त्याचं उत्तर मिळाल्यावरच अकाउंट उघडणार.

मी नवा होतो तेव्हा मला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटायचा. एकदा तसं बोललोही. सर म्हणाले, "पासवर्ड कोन इसरत नाय, इलास. मानूस दुसरीकरं आसतं." आणि खरंच, त्या खुर्चीत बसून कोणी आईच्या ऑपरेशनचं सांगितलं, कोणी मोडलेल्या लग्नाचं. मी स्वतः चौदा वर्षांत दोनदा लॉक झालो. एकदा वडिलांचे रिपोर्ट आले तेव्हा, एकदा धाकटीला शाळेत घेतलं नाही तेव्हा. दोन्ही वेळा बराच वेळ बसलो होतो. सरांचा आणखी एक दंडक होता, कोणाचं लॉगिन का फेल झालं याची नोंद लगेच उघडून बघायची नाही. आधी माणसाला विचारायचं.

सहा वर्षांपूर्वी स्नेहल आली. लातूरकडची पोरगी, कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली, पहिल्या आठवड्यात स्टोरेजच्या खोलीत जायलाही घाबरायची. तिला सगळं मी शिकवलं, असं मी सांगायचो. खरं म्हणजे पहिला महिना मी शिकवलं आणि मग सरांनी तिला माझ्याकडून काढून घेतलं. ती प्रश्न विचारायची. इतके प्रश्न की मी वैतागायचो, आणि सर खुलायचे. मासे न खाणाऱ्या त्या पोरीला त्यांनी सुकट खायला शिकवलं. तिच्या मशीनचं नाव चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, असं ठेवलं. आता तुम्ही हसाल, पण मला तेसुद्धा लागलं होतं. चिंबोरी म्हणजे सणाची चीज, आणि निवटीला कोण विचारतंय? स्टोरेजच्या खोलीची किल्ली सर कायम स्वतःच्या जुडग्यात ठेवायचे. चौथ्या वर्षी ते जुडगं त्यांनी तिच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, जा, बघून ये. मला आठ वर्षं लागली होती.

घरी मी रोज हेच बोलायचो. बायको एकदा म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय, ओवा खा." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सर गेले. रविवारी सकाळी, घरीच, बाजारातून आणलेली पिशवी ओट्यावर ठेवली आणि खाली बसले ते उठलेच नाहीत. मी खूप रडलो, ते खोटं नव्हतं. पण इथे कोणी मला ओळखत नाही म्हणून लिहितो. स्मशानातून जुईनगरला घरी चालत येताना, चपलेला राख लागलेली असताना, माझ्या डोक्यात विचार आला होता... आता खुर्ची माझी.

पंधरा दिवसांनी देसाई साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. इन-चार्ज स्नेहल. माझं तोंड बघून त्यांना वाईट वाटलं असावं, म्हणून समजूत काढायला म्हणाले की हा माझा निर्णय नाही, म्हात्रेंनीच जाण्याच्या दोन महिने आधी मेल करून ठेवला होता, "माझ्यानंतर स्नेहल." जखमेवर मीठ म्हणतात ते हे. साहेबांनी निवड केली असती तर मी त्यांना मूर्ख ठरवून मोकळा झालो असतो. सरांना काय ठरवू? चौदा वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाणाऱ्या माणसाने जाण्याआधी शांतपणे बसून, दोन बोटांनी एक-एक अक्षर टाइप करत, मला बाजूला काढलं होतं.

स्नेहलने सरांचं टेबल घेतलं नाही, शेजारचंच आपलं ठेवलं. निळी खुर्ची मात्र आपल्याकडे ओढून घेतली आणि पद्धत चालू ठेवली. लोक जायचेही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी पन्नाशीच्या माणसांना विचारते, घरी सगळं बरं? मार्चमध्ये तिने मला सरांचं मशीन काढायला सांगितलं. जुनं झालं होतं, काढायलाच हवं होतं. मीच त्याची डिस्क काढली, मीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून कळंबोलीच्या गोडाऊनला पाठवलं. जिताडा हे नाव नेटवर्कच्या यादीतून तिने स्वतः पुसलं. पुसताना बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली होती. मला ते नाटक वाटलं.

दिवाळीनंतर मोठं काम निघालं. जुनं स्टोरेज काढून नवं बसवायचं, सगळा माल इकडून तिकडे न्यायचा. शनिवारी संध्याकाळी सुरू, सोमवारी सकाळी नऊला बेचाळीस माणसांचं लॉगिन नव्या कपाटावर व्हायला पाहिजे. साहेबांनी स्नेहलला स्पष्ट सांगितलं होतं की हे नीट झालं तर इन-चार्जची ऑर्डर पक्की करतो, फसलं तर बाहेरून माणूस आणावा लागेल आणि मग तुमची जागा मला सांगता येणार नाही. लातूरला आई, इथे भाड्याची खोली, धाकट्या भावाचं शिक्षण तिच्यावर. मला सगळं माहीत होतं.

त्या बुधवारी सकाळी मला युक्ती सुचली. स्टोरेजमध्ये एक यादी असते, कोणत्या माणसाला कोणती फोल्डर उघडायची परवानगी. तीच यादी नव्या कपाटात जाणार. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर तिच्यात गडबड करून ठेवली की सोमवारी एकाचंही काम सुरू होणार नाही. साहेब ओरडणार, स्नेहल रडकुंडीला येणार, आणि अकराच्या सुमाराला मी उठून म्हणणार, बघू का जरा? मूळ यादी माझ्या पेनड्राइव्हवर असणारच. मी खुर्चीत मागे रेलून मनातल्या मनात मांडे खात होतो. मग पुढे होऊन एंटर दाबलं तर स्क्रीनवर आलं — तुमचं अकाउंट लॉक झालं आहे.

त्या एंटरच्या आधी मी कीबोर्डला हातही लावला नव्हता. ना चुकीचा पासवर्ड, ना काही.

स्नेहलकडे जावं लागलं. तिने खुर्ची पुढे केली. मी उभाच राहिलो. ती जरा अडखळत म्हणाली, "दादा, घरी सगळं बरं आहे ना?" मी म्हटलं, माझं घर काढू नकोस, बटण दाब. तिने खाली बघून दाबलं.

जागेवर येऊन मी कामाला लागलो. असं का होतं याची कारणं आम्हा लोकांना पाठ असतात. फोनमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असतो आणि फोन तोच पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. एखाद्या प्रिंटरमध्ये तुमचं नाव साठवलेलं असतं. एखाद्या मशीनचं घड्याळ मागे पडलेलं असतं, मग स्टोरेज त्याचं ऐकत नाही. एखादं रोज आपोआप चालणारं काम तुमच्या नावावर असतं. मी एक एक बघत गेलो. फोन साफ, प्रिंटर साफ, बेचाळीस घड्याळं सेकंदाला जुळलेली. शेवटी नोंद उघडली. ज्या मशीनवरून चुकीचा पासवर्ड येतो त्याचं नाव तिथे दिसतं.

तीन ओळी होत्या. तिन्हींसमोर माझं नाव, आणि मशीनच्या रकान्यात — जिताडा.

पहिल्यांदा मला घाम वगैरे फुटला नाही. राग आला. मशीनला कोणीही कोणतंही नाव देऊ शकतो, त्यात काही जादू नाही. स्नेहल माझी मस्करी करतेय, मला त्या खुर्चीपाशी उभं करायची मजा घेतेय, असं मी पक्कं ठरवलं. चोराच्या मनात चांदणं. तिला माझा बेत कळला असेल अशीही शंका आली, पण तो मी स्वतःलाही मोठ्याने सांगितला नव्हता.

एक गोष्ट मात्र खटकली. मशीनने चुकीचा पासवर्ड पाठवला तर तीनही प्रयत्न एका सेकंदात होतात. मशीनला विचार करायचा नसतो. इथे पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात अडतीस सेकंद होती, दुसऱ्या आणि तिसऱ्यात जवळजवळ एक मिनिट. कोणीतरी बसून, एक-एक की शोधत, टाइप करत होतं.

गुरुवारी परत तेच. मी पेनड्राइव्हवर यादीची कॉपी घेत होतो आणि मध्येच लॉक. तीन ओळी, जिताडा. कोणत्या केबलवरून आलं तो रकाना रिकामा. मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या टेबलांखाली वाकून बेचाळीस मशीन मोजली. बेचाळीसच होती. चिंबोरी तर दोनदा उघडून बघितली, नावात काही बदल नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी साहेबांना साइटचं काहीतरी कारण सांगितलं आणि बाइक काढून कळंबोलीला गेलो. म्हटलं, स्नेहलने ते मशीन तिथून गुपचूप आणून कुठेतरी लावलंय, रिकामी जागा बघायची आणि तिला पकडायचं. मार्केटमध्ये ट्रेलर लागलेले, सगळीकडे लोखंड उतरवल्याचा आवाज. गोडाऊन सांभाळणारे शेख चाचा म्हणाले, वरच्या खोलीत दिवाळीपासून कोणी गेलेलं नाही, किल्ली घ्या नि बघा.

मशीन तिथेच होतं. मी मार्चमध्ये जसं गुंडाळलं होतं तसं, माझ्याच हाताने मारलेल्या चिकटपट्टीसकट. वर धुळीचा थर. तरी मी प्लास्टिक फाडून कव्हर उघडलं. डिस्कची जागा रिकामी. त्या खोलीत वीज म्हणजे एक ट्यूबलाइट, नेटवर्क दूरच राहिलं. मी गुडघ्यांवर बसून त्या उघड्या डब्यात बघत होतो तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. ऑफिसच्या मेलचा मेसेज होता. तुमचं अकाउंट लॉक झालं आहे. चार वाजून दहा मिनिटं.

शनिवारी सकाळी स्नेहलकडून अकाउंट उघडून घेतलं आणि नोंद बघितली. तीन ओळी, शेवटची चार दहाची. आणि शुक्रवारी तीनपासून साडेपाचपर्यंत स्नेहल साहेबांच्या केबिनमध्ये नव्या स्टोरेजच्या माणसांबरोबर बसली होती. साहेब स्वतःच मला सांगत होते, किती छान तयारी केलीय पोरीने.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी नाही थांबलो. उलट डोकं आणखी भडकलं. आता मला कळलं होतं की हे काय आहे... म्हणजे माझं मन ते म्हणायला लागलं होतं, आणि जे म्हणत होतं ते ऐकून मी अजूनच पेटलो. मेल्यावरसुद्धा तिच्याच बाजूने! जिवंतपणी किल्ल्या तिला, जाताना जागा तिला, आणि आता तिच्या वाटेत मी येऊ नये म्हणून पहारासुद्धा. मला आठवतंय, मी निवटीसमोर बसून मनात सरांना वाईट शिवी दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

शनिवारी दीडला ऑफिस सुटलं. दोनपर्यंत मजला रिकामा झाला. काम संध्याकाळी सहाला सुरू व्हायचं होतं, म्हणून स्नेहल डबा घेऊन तिच्या टेबलाशी जेवायला बसली होती, माझ्याकडे पाठ करून. खिडकीतून छान ऊन आलं होतं. मी यादी उघडली. बदल केले. फार नाहीत, चार जागी. सेव्ह दाबलं. असा बदल करताना सिस्टिम पासवर्ड पुन्हा विचारते. मी तो नीट, सावकाश, बघून टाकला.

लॉक.

मी बदल स्क्रीनवर तसेच उघडे ठेवले. मग उठून तिच्याकडे गेलो. दुसरा इलाज नव्हता, आणि खरं सांगतो, तेव्हाही डोक्यात हेच होतं की पाच मिनिटांत उघडून घेऊ आणि काम संपवू.

या वेळी तिने काही विचारलं नाही. खुर्चीही पुढे केली नाही. हात पुसला, दोन क्लिक केले, म्हणाली, झालं दादा, आणि पुन्हा डब्याकडे वळली. आठवडाभर मी तिला इतका तुसडेपणा दाखवला होता की तिने आशा सोडली होती. माझं अकाउंट उघडं होतं. जायला मोकळा होतो. आणि मला एकदम जाणवलं की आता मला कोणीही विचारणार नाही. या ऑफिसात, या जगात, माझं काय बिनसलंय हे विचारणारा माणूस फेब्रुवारीत गेला, आणि जी विचारत होती तिला मी गप्प केलं.

मी स्वतःच खुर्ची ओढली आणि बसलो. सगळं सांगितलं. मांडे, पेनड्राइव्ह, चार बदल, सोमवारी अकराला मी काय करणार होतो ते. स्मशानातून परतताना काय मनात आलं तेसुद्धा.

तिने डब्याचं झाकण लावलं. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "मग जा ना. आता उघडलंय. करा."

मी म्हटलं, नाही करणार.

"का नाही? मी काही बघितलं नसतं. तुमची नोंद मी एकदाही उघडली नाही दादा. चार दिवस लॉक होताय, तरी नाही उघडली. सर म्हणायचे आधी माणसाला विचारायचं. मी विचारलं. तुम्ही वस्सकन माझ्या अंगावर आलात."

मग मी म्हटलं, आता उघड. तिने उघडली. मी बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार दाखवला. ती आधी रागातच बघत होती. मग जिताडा या नावावर बोट ठेवून तिने वेळा वाचल्या. अडतीस सेकंद, पंचावन्न सेकंद. प्रत्येक दिवसाच्या वाचल्या. मग हात मागे घेतला. मला वाटलं घाबरली.

"माझं अकाउंट एकदाही लॉक झालेलं नाही," ती म्हणाली. "सर गेल्यापासून एकदाही नाही. मी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघते कधी कधी, दादा. दोनदा टाकते. तिसऱ्यांदा धीर होत नाही. इन-चार्ज मीच ना. लॉक झाले तर जाऊन बसायचं कोणाकडे?"

आणि मग ती रडली. नऊ महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. रडत रडत जे बोलली त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं लिहितो. "मला जागा देऊन गेले, आणि विचारायला मात्र तुमच्याकडे येतात."

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ते चार बदल काढून टाकले. सेव्ह दाबलं, पासवर्ड विचारला, मी टाकला. झालं सेव्ह. रविवारभर मी तिच्या हाताखाली काम केलं, ती सांगेल ते. सोमवारी नऊला बेचाळीस माणसं आली आणि बेचाळीस माणसांचं लॉगिन झालं. साहेबांनी पेढे मागवले. दुपारी तिची ऑर्डर निघाली. माझ्याबद्दल तिने साहेबांना आजतागायत एक शब्द सांगितलेला नाही. म्हणून तर इथे सांगतोय, कुठेतरी सांगायला हवं होतं.

जिताडा हे नाव त्यानंतर नोंदीत आलं नाही. नवं स्टोरेज बसवायला आलेल्या इंजिनिअरला मी त्या ओळी दाखवल्या. तो म्हणाला, जुन्या मशीनची नावं कधीकधी कुठेतरी अडकून राहतात, रिकामा रकानाही नेहमीचा आहे. मी म्हटलं, आणि मधले सेकंद? त्याने खांदे उडवले. मी स्वतः अजून शोधतोय. नोंदी जपून ठेवल्यात, इथे कोणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगावं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

पण मंडळी, मला रात्रंदिवस छळतं ते हे नाही. त्या सोमवारी संध्याकाळी, पेढे संपल्यावर, सगळे गेल्यावर स्नेहल माझ्या टेबलापाशी आली. हातात ऑर्डरचा कागद होता. जी गोष्ट मला सहा वर्षं हवी होती ती तिच्या हातात होती आणि ती त्या कागदाकडे बघतही नव्हती. तिने मला विचारलं, "दादा, तुम्हाला काय वाटतं, माझ्याकडे येतील का कधी?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? तिने मला वाचवलं होतं. माझी नोकरी तिच्या एका शब्दावर होती. एवढंसं हो. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते सहा वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं, आणि ते सोडवेना. ती माझ्यावर जळत होती.

मी म्हटलं, "माहीत नाही."

उत्तर खरंच होतं. पण खरं होतं म्हणून काही मी ते दिलं नव्हतं.